वेणूताईंची ठेवणीतली डिस्क

बाळांनो, एका जंगलात एक कॉम्प्युटर राहत होता.

हात खाली करा. तो कुठून आला, त्याला वीज कोण देत होतं, असले प्रश्न बोधकथेत विचारायचे नसतात. बोधकथेत कोल्हा द्राक्षांवर भाषण करतो ते तुम्हाला चालतं, मग कॉम्प्युटरही चालवून घ्या.

त्या जंगलाचा राजा वाघ होता. नाव डरकाळे महाराज. मोठा न्यायी राजा. न्यायी म्हणजे खाण्याआधी नियम बघणारा. गादीवर बसताना त्याने वचन दिलं होतं, "माझ्या प्रजेतल्या कुणालाही मी खाणार नाही. बाहेरून कुणी आलं, तर मात्र सोडणार नाही."

आता प्रजा कोण आणि बाहेरचा कोण, हे कळायचं कसं? पूर्वी त्याची सोय होती. जंगलाच्या मधोमध एक जुना साग होता. पिल्लू जन्मलं की आई त्याला तिथे घेऊन जायची. ज्याला नख असेल त्याने नखाने, ज्याला खूर असेल त्याने खुराने, सालीवर आपली एक खूण करायची. महाराज बुंधा हुंगायचे आणि म्हणायचे, "बरं, आपलंच आहे." झालं.

महाराजांचे प्रधान होते तरस. ते सदा हसत असत, म्हणून त्यांना हसमुखराव म्हणत. महाराजांच्या जेवणातलं उरलंसुरलं त्यांच्याकडे यायचं. त्यामुळे महाराजांच्या भुकेची काळजी महाराजांपेक्षा त्यांनाच जास्त.

एके दिवशी हसमुखराव म्हणाले, "महाराज, जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून झाडं हुंगतोय. शोभतं का हे आपल्याला?"

महाराजांना ते खरंच शोभेनासं झालं. मग कॉम्प्युटर आला. सगळ्या प्रजेची नावं त्यात घातली गेली. हे काम फांदेकर नावाच्या वानराकडे दिलं. त्याला त्यातलं कळत होतं असं नाही, पण जंगलात धड बोटं त्यालाच होती. नियमही नवा झाला: ज्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये तो प्रजा, ज्याचं नाही तो आहार.

सागाचं आता काही काम उरलं नव्हतं. तो तोडून त्याच्या लाकडाचं कॉम्प्युटरसाठी टेबल केलं. टेबलावर एक पाटी लावली, "कागद वापरू नका, झाडे वाचवा."

काही वर्षं बरी गेली. मग कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याच्या पोटातून कटकट, कटकट असा आवाज येऊ लागला. फांदेकर घाबरला. तो महाराजांकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, सगळी नावं या एकाच पेटीत आहेत. पेटी बसली की आपण सगळेच बसलो. आपण एक वेगळी हार्ड डिस्क आणू. दर सोमवारी यातलं सगळं तिच्यात उतरवून ठेवू. याला बॅकअप म्हणतात."

बघा, त्या जंगलात अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नका. अक्कल होती. तिचं पुढे काय केलं ते ऐका.

काळेशेठ नावाचा कावळा शहरात जाऊन येऊन व्यापार करायचा. त्याने डिस्क आणली. छोटीशी, काळीभोर, चकचकीत, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गच्च बसवलेली. "सगळं जंगल मावेल हिच्यात," तो म्हणाला, "आणि वर शेजारचा डोंगरही."

लगेच समारंभ ठरला. लाल फीत कापली. अस्वलाने भाषण केलं. डिस्कचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल डिस्कपेक्षा फारच मोठी होती, त्यामुळे सत्कारानंतर सत्कारमूर्ती थोडा वेळ सापडेना.

सापडल्यावर प्रश्न आला, ही सांभाळायची कुणी? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. वेणूताई.

वेणूताई म्हणजे खार. वस्तू जपून ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्या बिया इतक्या जपून ठेवत की नंतर त्यांनाही सापडत नसत. त्या जंगलातली निम्मी झाडं वेणूताईंनी जपलेली आणि विसरलेली आहेत. त्यांच्या ढोलीत लग्नात आलेला पितळी डबा अजून खोक्यात होता. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढलं की ती वापरातली होते, आणि वापरातली झाली की तिचं काही खरं नाही, असं त्यांना माहेरी शिकवलं होतं.

हसू नका. आधी आपापल्या घरी जाऊन टीव्हीचा रिमोट बघून या.

वेणूताईंनी डिस्क ढोलीतल्या सर्वांत वरच्या कोनाड्यात ठेवली. खाली मखमल घातली. समोर रांगोळी काढली. रोज सकाळी प्लास्टिकवरून मऊ फडका फिरवू लागल्या.

पहिल्या सोमवारी फांदेकर आला. "वेणूताई, डिस्क द्या. नावं उतरवायचीत."

"आज? आज अमावास्या आहे. नव्या वस्तूला अमावास्येला हात लावतोस?"

दुसऱ्या सोमवारी त्यांनी त्याचे हात बघितले. "केळं खाऊन आलायस. बोटं बघ कशी चिकट आहेत. जा, धुऊन ये."

तो धुऊन आला. तोवर वेणूताई झोपल्या होत्या.

पुढच्या सोमवारी वारा सुटला होता. त्याच्या पुढच्या सोमवारी पाहुणे होते. एकदा तर त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अरे, एवढी चांगली वस्तू आहे. उगाच प्लास्टिक फाडून तिच्यात काहीबाही भरायचं आणि खराब करायची? अडीअडचणीला लागेल तेव्हा काढू की. बॅकअप म्हणजे शेवटी ठेवणीतलीच वस्तू ना?"

फांदेकर भिडस्त होता. बाईमाणसाशी वाद कुठे घालायचा? आणि दर सोमवारी दरबारात काहीतरी सांगणं तर भाग होतं. तो सांगायचा, "महाराज, बॅकअप सुरक्षित आहे."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. इतका सुरक्षित बॅकअप तिन्ही लोकांत नव्हता.

महाराज निश्चिंत झाले. दरबार निश्चिंत झाला. "आपल्याला काय, आपला बॅकअप आहे," असं ससे एकमेकांना सांगून बिळात पाय पसरून झोपू लागले. शेजारच्या जंगलातली शिष्टमंडळं कोनाड्यातली डिस्क लांबून बघून जाऊ लागली.

आता या गोष्टीत एक आई येते.

शेवरी नावाची एक भेकर होती. भेकर म्हणजे हरणाच्या जातीचा एक लहान, लाजाळू प्राणी. तिला त्या उन्हाळ्यात एक पाडस झालं. नाव बोंडू. त्याआधीची तिची दोन पाडसं जगली नव्हती. त्यामुळे बोंडूला कुठे ठेवू आणि कुठे नको, असं तिला झालं होतं. ती त्याचं नाव घालायला फांदेकरकडे गेली, तेव्हा तिने कॉम्प्युटरची कटकट ऐकली. उन्हाळा कडक होता, बाहेरून कुणी चुकूनही जंगलात येत नव्हतं, आणि महाराजांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बोंडू आणि त्या बरगड्या यांच्यामध्ये फक्त ही कटकटणारी पेटी होती.

ती तडक वेणूताईंच्या ढोलीखाली गेली.

"वेणूताई, त्या डिस्कमध्ये माझ्या बोंडूचं नाव आहे ना हो?"

"अगं, डिस्क अगदी ठणठणीत आहे. ओरखडासुद्धा नाही."

"डिस्क असेल हो. नाव आहे का?"

"नाव कॉम्प्युटरमध्ये आहे."

"आणि कॉम्प्युटर बंद पडला तर?"

"म्हणून तर डिस्क आहे!"

"मग डिस्कमध्ये नाव आहे?"

"शेवरे, एकदा सांगितलं ना, नाव कॉम्प्युटरमध्ये आहे! किती वेळा सांगायचं तुला?"

शेवरी फांदेकरकडे परत आली. "भाऊ, निदान एका कागदावर तरी लिहून दे रे नावं." फांदेकरने खाली मान घालून पाटीकडे बोट दाखवलं. झाडे वाचवा.

मग तिने ते केलं जे शहाण्या माणसाने कधी करू नये. तिने भर दरबारात प्रश्न विचारला.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. पण त्या डिस्कचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मी स्वतः बघितलंय. उद्या कॉम्प्युटर मेला तर माझ्या लेकराचं काय होईल? तुमच्या सगळ्यांच्या लेकरांचं काय होईल? एकदा उघडून तरी बघा."

दरबारात एकच गिल्ला झाला.

"कॉम्प्युटर मेला म्हणते!"

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!"

वेणूताईंना रडू कोसळलं. "माझ्यावर संशय! अहो, मी स्वतःच्या पिल्लांना एवढं जपलं नाही हो!" हे मात्र खरं होतं. त्यांची पिल्लं बाहेर कुठेतरी उनाडत असत.

ससे म्हणाले, "शेवरीबाई, तुमचाच विश्वास नाही. आमचा आहे." हसमुखराव हसले. तसे ते नेहमीच हसायचे, पण या वेळी जरा मनापासून हसले. महाराजांनी शेवरीला समज दिली, "मुली, काळजी करावी, पण बोलून दाखवू नये."

शेवरी खाली मान घालून परत गेली. बोंडू दूध पीत असताना ती त्याला चाटत राहिली.

थोड्याच दिवसांत डिस्कचा वाढदिवस आला. म्हणजे तिच्या आगमनाला वर्ष झालं. शेवरीच्या बोलण्याने जे अशुभ झालं होतं ते धुऊन काढायला यंदा पूजा दणक्यात करायची ठरली. डिस्क कोनाड्यातून खाली आणायची नव्हती, धूळ बसली असती. म्हणून पूजा कॉम्प्युटरची करायची. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ फोडायचा मान अस्वलाला दिला.

नारळ फोडायला दगड शोधायला हवा होता. पण अस्वल भक्तिभावाने भारून गेलं होतं. त्याने टेबलाच्या कोपऱ्यावरच नारळ आपटला. नारळ फुटला, फारच छान फुटला. पाणी उडालं ते थेट कॉम्प्युटरच्या जाळीत.

कॉम्प्युटर म्हणाला, "फिस्स."

"देव पावला!" सगळे म्हणाले. "आवाज दिला बघा!"

तो त्याचा शेवटचा आवाज होता. कटकटसुद्धा थांबली. फांदेकरने बटणं दाबली, पेटी हलवली, कान लावला, शेवटी पाया पडला. काही उपयोग झाला नाही.

तरी कुणी घाबरलं नाही. कशाला घाबरतील? बॅकअप होता ना! काळेशेठने शहरातून दुसरा कॉम्प्युटर आणून दिला. डिस्क पालखीत घालून वाजतगाजत दरबारात आणली. फांदेकरने प्लास्टिकला नख लावलं, तेव्हा वेणूताईंनी तोंड फिरवलं. टर्रकन आवाज झाला. त्यांना लेक सासरी जावी तसा हुंदका आला. मग त्यांनी ते प्लास्टिक उचललं, सरळ केलं आणि जपून ठेवायला घेतलं.

डिस्क जोडली. पडद्यावर उजेड आला. सगळ्यांनी माना पुढे केल्या. शेवरी मागे, एका झुडपाला टेकून उभी होती. बोंडू तिच्या पायांत होता.

"वाच," महाराज म्हणाले.

फांदेकर पडद्यावरून बोट फिरवत राहिला.

"अरे, काय आहे आत?"

"जागा आहे, महाराज."

"म्हणजे?"

"रिकामी जागा आहे. खूप आहे. सगळं जंगल मावेल."

बाळांनो, त्या वेळी दरबारात जी शांतता पसरली ना, तशी शांतता माझ्या वर्गात कधीच पसरत नाही.

महाराजांनी चौकशी समिती नेमली. समितीने झाडाखाली बसून भरपूर चहा घेतला आणि निकाल दिला. वेणूताईंचा दोष नाही; डिस्क त्यांनी जशी घेतली तशीच परत दिली, ओरखडा नाही. फांदेकरचा दोष नाही. त्याने दर सोमवारी खरं तेच सांगितलं. अस्वलाचा दोष नाही. त्याने नारळ श्रद्धेने फोडला, आणि श्रद्धेत जोर असतोच. काळेशेठचाही नाही, मालात खोट नव्हती. मग हे घडलं कशामुळे? कॉम्प्युटर मरेल असं आजवर या जंगलात कुणी म्हणालं नव्हतं, आणि तो मेला नव्हता. शेवरी म्हणाली, आणि तो मेला.

"काळ्या जिभेची आहे ती," ससे म्हणाले. त्यांच्या बिळांना खेटून ती किती वर्षं राहिली होती. एकाचीही जीभ चाचरली नाही.

महाराजांनी शिक्षा सुनावली. शेवरीने पाडसाला घेऊन नदी ओलांडून जायचं. पुन्हा या जंगलात पाऊल टाकायचं नाही.

शेवरी रडली. तिने महाराजांपुढे गुडघे टेकले. "महाराज, मी इथे जन्मले. माझी आई इथे मेली. या बोंडूला इथलंच गवत ठाऊक आहे. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही हो. मला फक्त माझ्या पोराचं नाव हवं होतं." वेणूताईंकडे बघून ती म्हणाली, "ताई, तुम्ही तरी सांगा." वेणूताई प्लास्टिकची घडी घालत होत्या.

शेवरी बोंडूला पुढे घालून नदीत उतरली. पाणी कमी होतं. दोघं पलीकडे गेली, आणि मग त्यांची नावं कुणी काढली नाहीत.

आता मुख्य प्रश्न. प्रजेची नावं गेली होती. नियमाप्रमाणे, ज्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये नाही, तो काय?

हसमुखरावांनी नियम मोठ्याने वाचला. महाराजांनी आवंढा गिळला. कसला ते विचारू नका.

"घाबरू नका," हसमुखराव हसून म्हणाले. "नवी नोंदणी करू. महाराजांच्या गुहेतच नोंदणी होईल. एकेकाने आत जायचं. सोबत दोन साक्षीदार हवेत, तुम्ही इथलेच आहात असं सांगणारे. साक्षीदाराचं नाव मात्र आधी कॉम्प्युटरमध्ये असलं पाहिजे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियम काटेकोर असल्याशिवाय व्यवस्था नीट चालत नाही, असं अस्वल म्हणालं.

मग रांग लागली. अशी शिस्तीची रांग त्या जंगलाने कधी बघितली नव्हती. ससे होते, साळिंदरं होती, चितळांची कुटुंबं होती, लेकरं कडेवर होती. पुढे वेणूताई होत्या, त्यांना मान म्हणून पहिला क्रमांक दिला होता. गुहेला दोन दारं होती. पुढचं जंगलाकडे, मागचं नदीकडे. लोक पुढच्या दाराने आत जात होते.

आत महाराज प्रत्येकाला अदबीने विचारत, "साक्षीदार?" आत येणारा गोंधळून इकडेतिकडे बघे. पुढचं मी सांगणार नाही, तुम्हाला अजून जेवायचं आहे. एवढंच सांगतो की महाराजांनी नियमाबाहेर जाऊन एकही घास घेतला नाही.

बाहेर रांग भराभर पुढे सरकत होती. "काय झटपट काम आहे!" लोक म्हणत होते. "सही नाही, शिक्का नाही, खेटे नाहीत! एकालाही परत पाठवलेलं नाही!"

हसमुखराव मागच्या दाराने उरलंसुरलं बाहेर ओढून नेत होते. ते दार रांगेतल्यांना दिसत नव्हतं. ते दिसत होतं फक्त नदीच्या पलीकडून.

पलीकडे शेवरी उभी होती. तिने पहिल्यांदा ते बघितलं, तेव्हा बोंडूला झुडपात ढकललं आणि ती ओरडली. भेकराचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? वाघ दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, साऱ्या रानाला ऐकू जाईल इतक्या जोराने. ती तशी भुंकत राहिली. ज्यांनी तिला हाकललं होतं त्यांच्यासाठी ती घसा फाटेपर्यंत भुंकली. पळा, पळा, पळा.

रांगेतल्या सशाने मान वळवून नदीकडे बघितलं.

"बघा," तो म्हणाला, "एवढी शिक्षा झाली, तरी हिचं अशुभ बोलणं काही थांबत नाही."

आणि कानांवर पंजे ठेवून तो एक पाऊल पुढे सरकला.

तात्पर्य : मौल्यवान वस्तू नेहमी प्लास्टिकमध्येच ठेवावी, आणि तिच्या आत काय आहे हे कधीही विचारू नये. विचारायचंच असेल, तर मात्र दबकत विचारू नये. इतक्या मोठ्याने विचारावं, की लेकराबाळांसकट हाकलून देतील. लेकरं वाचवायची यापेक्षा खात्रीची सोय त्या जंगलात दुसरी नव्हती.